मांजा, काळा शराटी आणि पहिलं शील

सुजाता_दांडियाबाजार:
जय भीम. यंदा वासी उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या) संध्याकाळी आमच्या गच्चीसमोरच्या कडुनिंबावर काळा शराटी (लांब बाकदार चोचीचा मोठा पक्षी) लटकला होता. मांजा पंखाच्या सांध्यात रुतून हाड दिसत होतं, तरी फडफड थांबत नव्हती. १९६२ ला फोन केला, पशुपक्ष्यांच्या करुणा ॲम्ब्युलन्सवाले शिडी लावून घेऊन गेले. घरी मोठे दीर म्हणाले, "पाणातिपातात (जीवहत्येत) चेतना, म्हणजे मारायचा हेतू, लागते. पक्षी मारायला कोणी पतंग उडवतं का? मग जीवहत्या न करण्याचं पहिलं शील कुठे मोडलं?" दर रविवारी आमच्याकडे बुद्धवंदना तेच घेतात. मला हे अजिबात पटलेलं नाही, पण उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं.

वर्षावास:
ताई, दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अट्ठकथेत (पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत) प्राणिहत्येची पाच अंगं दिलीत: जीव असणं, तो जीव आहे हे ठाऊक असणं, मारायची चेतना, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्यातून मरण. शराटीच्या बाबतीत चेतना नव्हती, कबूल.

पण विनय, म्हणजे भिक्खूंची नियमावली, तिथे थांबत नाही. भिक्खू पावसाळ्यात हिंडताना हिरवं गवत आणि बारीकसारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली आणि वर्षावासाचा (पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहण्याचा) नियम झाला. तुडवायचं त्यांच्याही मनात नव्हतंच की! भिक्खूच्या आठ परिष्कारांत (जवळ ठेवायच्या वस्तूंत) पाणी गाळायचं फडकंही असतं. पाण्यात जीव आहेत हे माहीत असून ते वापरलं, तर पाचित्तिय दोष (कबुली द्यावी लागणारा नियमभंग) लागतो. म्हणजे एकदा कळलं की जबाबदारी आली. दर उत्तरायणाला पक्षी कापले जातात हे वडोदऱ्यात कुणाला ठाऊक नाही?

फतेगंजकर:
बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली तेरावी दिरांना वाचायला द्या. त्यात प्राणिमात्रांवर दया करण्याबरोबर त्यांचं लालनपालनही सांगितलंय.

पक्षीसेवक:
मी जखमी पक्षी उचलायला जातो, म्हणून कामाचं सांगतो. रुतलेला मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास थवे जातात-येतात, तेव्हा पतंग उतरवा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे, पण काच लावलेला सुतीही कापतोच. आणि सण संपला तरी झाडांवरचे दोरे महिनोन्महिने पक्षी अडकवतात. ते काढायला मात्र फार थोडे लोक येतात.

सुजाता_दांडियाबाजार:
वर्षावास दादा, पाण्याच्या फडक्याचं आजच दिरांना वाचून दाखवते. पक्षीसेवक, मुलांना पतंग तर हवाच. काच नसलेला दोरा मिळतो का?

पक्षीसेवक:
मिळतो. कोरी रीळ घ्या, काच लावून सुतायला देऊ नका. काटाकाटी जमणार नाही, हे मुलांना आधीच सांगा.