मदत हवी आहे: सत्तावाटपात नागरी संघटनांना कायदेशीर अधिकार कुठे मिळाला?

खानापुरातल्या अभ्यासवर्गासाठी चार पानी टिपण करतोय. ‘सत्तावाटप’ म्हटलं की इकडे लोकांना कर्नाटकातला २००६ चा जेडीएस-भाजपचा करारच आठवतो: वीस-वीस महिने आळीपाळीने मुख्यमंत्रिपद. ऑक्टोबर २००७ मध्ये खुर्ची सोडायची वेळ आली आणि तो मोडला. मध्ये जामीन राहणारं कुणीच नव्हतं.

दोन उदाहरणं तपासून झालीत. ट्युनिशियात २०१३ मध्ये कामगार महासंघ, उद्योजक संघ, मानवाधिकार लीग आणि वकील संघटना यांनी मिळून राजकीय पेचातून बाहेर पडायचा आराखडा मांडला. पक्षांनी आधी त्यावर सही करायची, मगच चर्चेत जागा. सरकारने राजीनामा दिला, जानेवारी २०१४ मध्ये राज्यघटना मंजूर झाली. माझ्या मते खरा दाब महासंघाच्या संपाच्या ताकदीचा. नुसत्या सदिच्छेने हे झालं नसतं. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या शांतता करारातून ६० सदस्यांचा नागरी मंच आला, पण फक्त सल्ल्यापुरता. २००२ मध्ये विधानसभा स्थगित झाली, तसा तोही थांबला तो थांबलाच.

नेपाळ नको, त्यावर वेगळा वर्ग झालाय. साहित्य मराठी, कन्नड किंवा इंग्रजीत आणि फुकट वाचता येणारं हवं. फ्रेंच आम्हाला येत नाही.

करार झाल्यानंतरही संघटनांचा अधिकार सल्ल्यापुरता न राहता कायद्याच्या कलमात टिकला, असा देश कोणता, आणि ते कलम कुठलं?