मागच्या काचेवरच्या चिकट्याला ब्लेड लावायचं का? माझं मत: अजिबात नाही

रानवाटा:
सेकंडहँड सेडान घेतली की आधीच्या मालकाचे सोसायटीचे, शाळेचे, जिमचे स्टिकर काचेवर तसेच असतात. कागद नखाने निघतो, पण चिकटा राहतो आणि उन्हात भाजून पिवळट, कडक होतो. मागच्या काचेचा खालचा कोपरा तर सगळ्यात अवघड. काच इतकी तिरपी की ती आणि पार्सल ट्रे (मागच्या सीटमागची फळी) यांच्या बेचक्यात मनगटापर्यंत हात जातो, पण पुढे बोटं वळत नाहीत. मग सरळ ब्लेड काढलं जातं. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे.

मागच्या काचेवर आतून ज्या तांबूस आडव्या रेषा दिसतात त्या डिफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून तिच्यावरचं धुकं घालवणाऱ्या. चांदी असलेली पेस्ट काचेवर छापून भाजलेली असते, वर कसलंही आवरण नसतं. ब्लेडचं टोक लागून रेषा एका जागी तुटली की ती अख्खी रेषा गरम व्हायची थांबते. बऱ्याच गाड्यांत रेडिओची अँटेनाही तिथेच छापलेली असते. आणि कडेला रेषांना वीज पुरवणारी उभी पट्टी असते, तिच्यावर वायरची छोटी टिकली जोडलेली. ती उखडली तर डिफॉगरच बंद. जुलैत ताम्हिणीत मागची काच धुरकट झाली की याची किंमत कळते.

खोबरेल वापरा. टिश्यू पेपर तेलात भिजवून चिकट्यावर डकवा, म्हणजे ओघळ येत नाही. अर्धा-पाऊण तास हात लावू नका. मग लाकडी फूटपट्टीच्या टोकाला जुन्या बनियनचा तुकडा रबरबँडने बांधा आणि रेषांच्या दिशेनेच, आडवं पुसा. चिकट्याच्या वळ्या होऊन निघतात. शेवटी भांड्याच्या साबणाचं पाणी.

काचवाला_नाशिक:
असहमत. माझं कार डेकोरचं दुकान आहे, रोजचं काम हेच. ब्लेडची भीती उगाच पसरवली जाते. पुढच्या काचेवर रेषा कुठे आहेत? ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घातलेली लॅमिनेटेड काच. डॅशबोर्डच्या टोकाला, जिथे काच खाली उतरते तिथला जुना चिकटा लांब दांड्याच्या स्क्रेपरशिवाय निघत नाही. नवं पातं, भरपूर साबणाचं पाणी, पातं जवळजवळ आडवं धरून एकाच दिशेने ढकलायचं, मागे ओढायचं नाही. चरे पडतात ते पात्याखाली अडकलेल्या वाळूच्या कणांमुळे, म्हणून आधी काच धुवायची.

आणि तेलाचं म्हणाल तर तेलाने काम वाढतं. खाली ओघळलेलं तेल पार्सल ट्रेच्या कापडात मुरलं की डाग जात नाही. काचेवर राहिलेला पुसट थर रात्री समोरच्या हेडलाइटमध्ये चकाकतो. गिऱ्हाईक परत येतं ते याच तक्रारीसाठी.

सावली_ठाणे:
काचवाला दादा, पुढच्या काचेबद्दल तुमचं पटलं. पण धागा मागच्या काचेचा आहे, आणि गॅरेजमधला पोऱ्या दोन्हीकडे तेच पातं फिरवतो. आमच्या गाडीची मधली रेषा अशीच गेली. चांदीचा रंग भरून जोडता येते म्हणतात, पण त्या बेचक्यात चिकटपट्टी लावून केसाएवढी रेघ कोण ओढणार?

घाटमाथा:
एवढं कशाला? पेट्रोलचा बोळा फिरवा, दोन मिनिटांत साफ. रॉकेल मिळायचं तेव्हा घरोघरी हेच करायचे.

रानवाटा:
घाटमाथा, कृपा करून हे कुणाला सुचवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद गाडीत ती खाली पायाशी साठते. एखादी ठिणगीही पुरते. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन काचेला काही करत नाही, पण खाली टपकलेला थेंब ट्रीमचं प्लास्टिक वितळवून पांढरा डाग पाडतो. द्रावण हवंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापडावर घ्या, काचेवर ओतू नका आणि दारं उघडी ठेवा.

काचवाला_नाशिक:
पेट्रोलबद्दल रानवाटांशी सहमत. दुकानात आम्हीही ते बंद केलं.

पण काचांवर लावायच्या काळ्या फिल्मचं बोला. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचा काळ्या फिल्मविरुद्ध निकाल आला, तेव्हा गाड्यांची रांग लागायची. फिल्म ओढली की सगळा चिकटा मागच्या काचेवर. स्टिकर तळहाताएवढा, हा चिकटा काचभर. टिश्यू किती डकवणार? त्याला ऊन हवं. साबणाचं पाणी फवारायचं, वर कचऱ्याची काळी पिशवी काचेला चिकटवायची आणि गाडी भर उन्हात तासभर उभी करायची. चिकटा मऊ पडतो, मग प्लास्टिकच्या पात्याने येतो.

सावली_ठाणे:
म्हणजे मागच्या काचेला लोखंडी पातं तुम्हीही लावत नाही!

काचवाला_नाशिक:
रेषा नसलेल्या पट्ट्यात लावतो आणि लावणार. ज्याचा हात बसलाय त्याला भीती नाही. घरी करणाऱ्याने प्लास्टिकचंच घ्यावं.

वाऱ्याची_दिशा:
हेअर ड्रायर कुणीच काढला नाही? बाहेरून काच कोमट करा, आतून चिकटा सैल होतो, कोपऱ्यात हात घालायची गरज निम्मी होते. मात्र पुढच्या काचेला खडा लागून टवका उडालेला असेल तर ड्रायर नको, उकळतं पाणी तर नकोच. एकदम तापली की तिथून तडा पळतो.

रानवाटा:
ड्रायर आवडला. दादा, हात बसलेल्याचं म्हणणं मी तरी मानणार नाही. त्या बेचक्यात पात्याचा कोन डोळ्यांना दिसतच नाही, अंदाजाने चालतं, आणि अंदाजाच्या जागी धार नको. तेल ओघळतं हे खरं, त्यासाठी ट्रेवर आधी जुना टॉवेल अंथरा.

एक राहिलं. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात, तिथला पृष्ठभाग खरबरीत असतो आणि चिकटा त्यात रुतून बसतो. तिथे कापडही पुरत नाही. जुन्या टूथब्रशची मान गरम पाण्यात धरून वाकवा, तेल लावून गोल गोल घासा, मग साबण. ब्रश त्या बेचक्यात अगदी टोकापर्यंत जातो.