लेझरचा ठिपका जुळला म्हणजे रायफल झिरो झाली का?

मिशिगनकर
काल ऑफिसातला एक मित्र भेटला, पुण्याचाच आहे, त्याने पहिलीच रायफल घेतलीये, पॉइंट ३०८ बोल्ट अ‍ॅक्शन, वर ३-९x४० चा साधा स्कोप (नेमाची दुर्बीण). चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, काडतुसासारखा बसतो तो लेझर ऑनलाइन मागवला, संध्याकाळी मागच्या आवारात २५ यार्डांवर लाल ठिपका पाडला, टरेट (स्कोपवरची नेम जुळवायची चाकं) फिरवून क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) ठिपक्यावर आणलं, आणि मला म्हणतो झालं झिरो, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागणार, आता १५ नोव्हेंबरला थेट जंगलात. एकही गोळी न झाडता!

मी त्याला ओरडलो, आणि ओरडलो त्याचं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी अक्षरशः हेच केलं होतं. इथे मिशिगनमध्ये दर वर्षी १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हरणांचा सीझन सुरू होतो, महिनाभर कामाच्या धबडग्यात रेंजवर जायला वेळ मिळाला नाही, म्हटलं लेझरने जुळवलंय ना, पुरे. सकाळी साडेआठला ९० यार्डांवर मादी उभी होती, आडवी, एकदम शांत. खांद्यामागे नेम धरला, ट्रिगरही नीट दाबला. गोळी लागली मागे, पोटाला. ती पळाली. वाळक्या पानांवर आधी मोठे थेंब, मग बोटाच्या पेरापेक्षा लहान, मग दहा-दहा पावलांवर एखादा. सीडरच्या दलदलीच्या कडेला थेंब संपले. अंधार पडेपर्यंत बॅटरी घेऊन शोधलं, दुसऱ्या दिवशी परत गेलो, सापडली नाही. ती कुठे आणि किती वेळाने मेली असेल हा विचार अजून येतो.

नंतर रेंजवर गेलो तर १०० यार्डांवर गोळ्या सात इंच बाजूला पडत होत्या. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा घोळका, छान, दीड इंचाचा, पण सात इंच डावीकडे! घरी येऊन तोच लेझर चेंबरमध्ये घातला आणि पाव-पाव वळण देऊन परत बसवला तर २५ यार्डांवरच्या भिंतीवर ठिपका बशीएवढा गोल फिरला. म्हणजे मी ज्या ठिपक्यावर विश्वास ठेवला तो नळीच्या रेषेत नव्हताच.

माझं मत सरळ आहे, लेझर बोअरसाइटच्या, म्हणजे या नळीत बसवायच्या लेझरच्या, खोक्यावर झिरो हा शब्दच छापू नये, आणि नवीन माणसाने तो घेऊच नये. तुमचं काय म्हणणं?

नाना_टेक्सास
हरणाचं वाचून वाईट वाटलं रे, पण चूक लेझरची नाही, तू त्याच्याकडून जे काम मागितलंस त्याची आहे. लेझरचं काम एवढंच की पहिली गोळी कागदावर पडावी. बास. नवीन स्कोप बसवला की पहिली गोळी कुठे जाईल देव जाणे, १०० यार्डांवर दोन फूट बाजूला गेली तर मागच्या मातीच्या ढिगात धूळ उडते आणि माणूस नुसता टरेटचे क्लिक (खटके) मोजत बसतो. मी माझ्या पोराच्या रायफलवर असे चौदा राउंड घालवलेत, एकेक राउंड दोन डॉलरचा. लेझर घेतल्यापासून पाच-सहा राउंडांत काम होतं. नवीन माणसाने घेऊ नये म्हणतोस, मी म्हणतो नवीन माणसानेच घ्यावा, कारण त्याच्याच गोळ्या जास्त वाया जातात आणि मग वैतागून तो तसाच जंगलात जातो.

आणि गणित बघ की. स्कोप नळीच्या दीड इंच वर. २५ यार्डांवर ठिपका आणि क्रॉसहेअर एकत्र आणलं तर नळीची रेषा १०० यार्डांवर नजरेच्या रेषेच्या साडेचार इंच वर जाते, त्यातून पॉइंट ३०८ ची गोळी तिथपर्यंत अडीचेक इंच खाली येते, म्हणजे उरले दोन इंच वर. हरणाच्या शिकारीला कित्येक लोक मुद्दाम दोन इंच वर ठेवतात. म्हणजे गणित लेझरच्या बाजूनेच आहे.

मिशिगनकर
नाना, गणित बरोबर, पण ते धरून चालतं की ठिपका नळीच्या बरोब्बर मधून निघतोय. पितळी काडतूस पाच सेंटिमीटर लांब धरा, ते चेंबरमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकं जरी तिरकं बसलं तरी २५ यार्डांवर साडेचार सेंटिमीटर आणि १०० वर अठरा सेंटिमीटर फरक. अठरा सेंटिमीटर म्हणजे माझे ते सात इंच! केसाएवढ्या फटीने हे होतं. आणि नवीन माणसाला हे कोण सांगणार, खोक्यावर तर हसणारा माणूस आणि निशाणाच्या मधोमध भोक असं चित्र असतं.

जुना_नेमबाज
तुम्ही दोघं कशाला भांडताय. बोल्ट अ‍ॅक्शन आहे ना, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढा आणि नळीतून बघा. चाळीस वर्षं असंच करतोय, बॅटरी लागत नाही की काही नाही. रायफल सँडबॅगवर घट्ट बसवायची, २५ किंवा ५० यार्डांवर मोठं गोल निशाण लावायचं, मागून नळीत बघायचं, निशाण नळीच्या गोलात मधोमध दिसेपर्यंत रायफल हलवायची, आणि मग रायफलला अजिबात धक्का न लावता क्रॉसहेअर त्याच निशाणावर आणायचं. गोलात गोल मधोमध आहे की नाही हे डोळ्याला फार बारीक कळतं. तुमच्या लेझरपेक्षा बारीक.

एकच सांगतो, इथे नव्वद टक्के लोक गोंधळतात. टरेटवर बाण असतो 'अप', तो गोळी वर नेतो, म्हणजे चित्रावर क्रॉसहेअर खाली सरकतं. तेव्हा क्रॉसहेअर निशाणाच्या वर दिसत असेल तर 'अप'कडे फिरवायचं. उलटं वाटतं पण तसंच आहे. लेझर वापरतानाही हेच. कितीतरी जण भलत्या बाजूला फिरवत टरेट संपवतात आणि स्कोप खराब आहे म्हणून परत पाठवतात.

लीव्हरवाला_नागपूर
जुने भाऊ, बोल्ट काढा म्हणणं सोपं आहे. माझी मार्लिन ३३६ आहे, लीव्हर अ‍ॅक्शन. बोल्ट काढायला लीव्हरचा स्क्रू सोडा, लीव्हर काढा, दरवेळी कोण एवढं उघडत बसणार. रुगर १०/२२ रायफलवाल्यांचं तर त्याहून वाईट, मागची भिंतच आडवी येते. आम्ही काय करायचं? मी नळीच्या तोंडात बसणारा लेझर वापरतो आणि तो मला दरवेळी कागदावर आणतो. तेव्हा "घेऊच नये" हे काही पटलं नाही.

नाना_टेक्सास
+१ नागपूर! आणि जुने भाऊ, सगळ्यांचे डोळे तुमच्यासारखे नसतात, मला साठीनंतर नळीतून बघताना निशाण धुरकट दिसतं.

रायफलवाली_कोल्हापूर
मी स्कोपवाली नाही, आधीच सांगते. ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) खेळते, आमच्या खेळात स्कोप चालतच नाही, मागे बारीक भोकाचं डायॉप्टर आणि पुढे रिंग. पण झिरो हा शब्द आम्ही रोज वापरतो म्हणून लिहिते. आमच्या निशाणाचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा. तरीही कुणी लेझर लावून बसत नाही, का? कारण मॅचच्या आधी सायटिंग शॉट, म्हणजे नेम तपासायच्या गोळ्या, मिळतात आणि खरी माहिती फक्त त्यातनंच येते.

बघा की, तीच रायफल, तीच नळी, मी नीलिंगवरून (गुडघ्यावरून) प्रोनला (पालथं) गेले की क्लिक बदलतात, स्टँडिंगला (उभ्याला) परत बदलतात. काडतुसाचा लॉट बदलला की बदलतात. नळी तर तीच आहे ना? मग बदललं काय? खांद्याचा दाब, गालाचा टेका, गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत नळीची होणारी थरथर. लेझर पडलेली, थंड, गप्प रायफल मोजतो. गोळी सुटते ती हादरणाऱ्या रायफलमधनं. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ब्राँझ घेतलं त्याच इव्हेंटचं मी बोलतेय, तिथं फायनलमध्ये सुद्धा पोझिशन बदलली की आधी सायटिंग असतं. त्या दर्जाचे लोक गोळी झाडल्याशिवाय साइटवर विश्वास ठेवत नाहीत, तर दादा, तुमच्या मित्रानं का ठेवावा?

मिशिगनकर
ताई, मला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही नेमकं सांगितलंत.

नाना_टेक्सास
ताईंचं सगळं मान्य. पण ताई, तुमच्याकडे झिरोच्या जवळ असलेली रायफल असते, तुम्ही चार क्लिक इकडेतिकडे करता. आमच्याकडे स्कोप आजच रिंगमध्ये (तो धरणाऱ्या कड्यांत) बसवलेला असतो, तो कुठे बघतोय हेच माहीत नसतं. सायटिंग शॉट कागदावर पडला तर ना सायटिंग!

जुना_नेमबाज
नाना, कागदावर पाडायला १०० वर सुरुवात करायचीच कशाला. २५ वर लावा, भला मोठा खाकी पुठ्ठा लावा, पडतेच.

लीव्हरवाला_नागपूर
लेझरवाल्यांनी (मीही त्यातलाच) एक गोष्ट मात्र वाचावीच. गेल्या वर्षी रेंजवर शेजारच्या बेंचवर एकाने नळीच्या तोंडात लेझर तसाच ठेवून काडतूस भरलं. लेझर चालू, लाल ठिपका समोर निशाणावर दिसतोय, आणि हा गालावर रायफल घेतोय. रेंज ऑफिसर ओरडला म्हणून वाचला. नळीत अडथळा असताना गोळी झाडली तर नळी फुटू शकते, आपल्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. त्या माणसाचे हात नंतर पंधरा मिनिटं थरथरत होते, त्याने सामान आवरलं आणि घरी गेला. तेव्हापासून मी लेझरला केशरी रिबन बांधतो, वीतभर लोंबते, आणि लेझर नळीत असेपर्यंत काडतुसाचा डबा गाडीतच ठेवतो.

मिशिगनकर
हे बघा, हेच. आणखी एक जोखीम आणि कशासाठी, चार गोळ्या वाचवायला?

नाना_टेक्सास
चार नाही, दहा. आणि जोखीम तर बोल्ट काढून नळीत बघणाऱ्यालाही आहे, आधी चेंबर रिकामं बघितलं नाही तर. शिस्त दोन्हीकडे लागते. मी अजूनही म्हणतो, तुझ्या मित्राला लेझर फेकून दे सांगू नकोस, त्याला २५ वर बसवून एक गोळी झाडायला लाव. आणि लेझर चेंबरमध्ये चार वेळा फिरवून बघ, ठिपका गोल फिरत असेल तर त्या गोलाचा मध्य धर, एकाच ठिपक्यावर विश्वास ठेवू नकोस. तीन वर्षांपूर्वी तू हे केलं असतंस तर निम्मं काम तिथंच झालं असतं.

मिशिगनकर
हे मध्य धरायचं मला माहीतच नव्हतं नाना. मान्य. शनिवारी त्याला रेंजवर नेतोय, येऊन लिहितो.

मिशिगनकर
(शनिवार रात्र) आलो. सगळं आहे तसं लिहितो, माझ्या बाजूचं नाही त्यासकट.

आधी रिंगचे स्क्रू बघितले तर दोन हाताने फिरत होते! म्हणजे लेझर, नळी, डोळा, काहीही वापरलं असतं तरी पहिल्या पाच गोळ्यांत स्कोप सरकला असता. ते स्क्रू इंच-पाउंडवाल्या टॉर्क रेंचने १८ वर घट्ट केले. मग नानांनी सांगितलं तसं लेझर चार वेळा फिरवला, ठिपका सुपारीएवढ्या गोलात फिरला, माझ्यापेक्षा त्याचा बरा निघाला. मध्य धरून क्रॉसहेअर आणलं. लेझर काढला, मी स्वतः हातात घेतला, नळीतून उजेड बघितला, मग त्याला काडतूस दिलं.

२५ यार्डांवर पहिली गोळी दीड इंच उजवीकडे, एक इंच खाली. दीड इंच म्हणजे १०० वर सहा इंच. पाव मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) क्लिक २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग हलवतो, म्हणून डावीकडे चोवीस क्लिक. खाली एक इंच होती पण १०० चा झिरो हवा असेल तर २५ वर ती अर्ध्या-पाऊण इंचाने खाली पडायलाच हवी, म्हणून वर फक्त सहा क्लिक. त्याला हे समजावताना वेळ गेला, तो म्हणत होता बरोबर मध्यावरच आणू. दुसरी गोळी हवी तिथे. मग १०० वर तीन गोळ्या, प्रत्येकीनंतर नळी गार होऊ दिली, ग्रुप पावणेदोन इंच, मध्यापासून एक इंच उजवीकडे. चार क्लिक. परत तीन. आता बसली. एकूण आठ राउंड.

नाना_टेक्सास
मग पहिलीच गोळी कागदावर आली ना?

मिशिगनकर
आली नाना. अगदी मध्याच्या जवळ आली. आणि त्याच जागेवर विश्वास ठेवून, सैल स्क्रूसकट, तो पुढच्या आठवड्यात जंगलात निघाला होता.