गणपतीच्या वर्गणीतले ४१ हजार नेपाळच्या अनाथाश्रमाला द्यावेत का?

गोदाकाठची :
आमची सोसायटी नाशिकच्या इंदिरानगरची. यंदा गणपतीच्या वर्गणीतले ४१ हजार उरलेत. मे महिन्यात आम्ही बाराजण नेपाळला गेलो होतो, तेव्हा टूरवाल्याने काठमांडूत एक अनाथाश्रम दाखवला. चाळीसेक मुलं. रांगेत उभं राहून त्यांनी गाणं म्हणून दाखवलं. एका चिमुरडीने रडत माझी ओढणी धरली ती बसपर्यंत सोडली नाही. मी म्हणते, घरटी थोडे थोडे घालून दीड लाख करू आणि त्यांच्या शाळेसाठी पाठवू. कमिटीत दोन तट पडलेत. तुमचं काय मत?

पेठरोडवाला :
घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं! पेठ, सुरगाणा, त्र्यंबक नकाशावरून पुसले का? आश्रमशाळा ज्यांच्या अखत्यारीत येतात ते आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे. पाड्यावर चला माझ्याबरोबर, बाप गेलेली आणि आजीकडे वाढणारी पोरं दाखवतो. ओढणी तीही धरतात, फक्त तिथे टूरची बस जात नाही.

निवृत्त_मास्तरीण :
टोमणा कळला. पण इथल्या मुलाला निदान मागायला जागा आहे. बालसंगोपन योजनेत २०२३ पासून महिना २,२५० रुपये, आश्रमशाळेत राहणं-जेवण फुकट. नेपाळमधल्या कर्णालीच्या डोंगरातल्या पोराने कुणाकडे हात पसरायचे? गरज बघायची की पासपोर्ट?

पेठरोडवाला :
बाई, ते २,२५० घ्यायला कागद लागतात. एका पोरीचा अर्ज मी स्वतः भरतोय. बाप सुरतला बांधकामावर वारला, म्हणजे मृत्यूचा दाखला सुरतचा. आजीला सुरत कुठल्या दिशेला हे माहीत नाही. दोन खेपा मी मारल्या, तर हॉस्पिटलच्या कागदावर आडनाव चुकलेलं. आता ते दुरुस्त करायचं. असे कागद करून द्यायला एक माणूस वर्षभर ठेवला तरी ४१ हजार सार्थकी लागतील.

जुना_भटक्या :
पेठ की नेपाळ हा वाद नंतर घाला. मला आधी त्या आश्रमाबद्दल शंका आहे. मी तीनदा तिकडे ट्रेकला गेलोय. माओवादी युद्धाच्या काळात (१९९६ ते २००६) हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुलं न्यायचे. आईबापांना सांगायचे, काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो. वर त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे. पुढे आईबाप मेल्याचे खोटे कागद तयार व्हायचे आणि पोरगं ‘अनाथ’ म्हणून देणगीदारांपुढे उभं राहायचं. युनिसेफने सांगितलंय की नेपाळच्या बालगृहांतल्या पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी हयात आहे. २०१५ च्या भूकंपानंतर तर परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. आता सांगा, मुलं डोंगरातली, मग आश्रम काठमांडूत थामेलच्या टुरिस्ट हॉटेलांपासून हाकेच्या अंतरावर कशाला?

गोदाकाठची :
म्हणजे ती पोर खोटं रडत होती?

जुना_भटक्या :
रडणं खरंच असेल हो. तिची आई कुठे जिवंत असेल तर जास्तच खरं. आपण दीड लाख पाठवले की पुढच्या वर्षी अजून चार मुलं आणली जातात, एवढंच माझं म्हणणं.

निवृत्त_मास्तरीण :
सगळेच आश्रम तसे नसतात. एका फटक्यात सगळ्यांना चोर ठरवू नका.

सीए_शरणपूर :
रुक्ष माहिती देतो. मंडळाने धर्मादाय आयुक्तांची परवानगी ज्या कारणासाठी घेतली, पैसा त्याच कामी लागला पाहिजे. नोंदणीकृत ट्रस्टने परदेशात खर्च केला तर त्या रकमेवर सहसा करमाफी मिळत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची (सीबीडीटी) खास मंजुरी लागते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत नाही. मात्र कुणी स्वतःच्या खिशातून नेपाळमधल्या माणसाला पाठवणार असेल तर एनईएफटीतून सोय आहे, एका वेळी दोन लाखांपर्यंत. रुपयाला १.६० नेपाळी हा दर ठरलेलाच आहे.

गोदाकाठची :
काल रात्री गेटवर आमच्या वॉचमन दाजूंशी बोलले. ते नेपाळमधल्या जुमल्याचे. नऊ वर्षं गेटवर आहेत आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या घरचं विचारलं, याची लाज वाटली. भाऊ आखातात वारला, वहिनी दुसरीकडे गेली, पुतणी आजीपाशी. नववीत आहे. शाळेत फी नाही, पण शाळा दीड तास खाली उतरून. अकरावीला बाजारगावात खोली घ्यावी लागेल, खोली नि खाणं मिळून महिना तीन हजार नेपाळी, म्हणजे आपले १,८७५. मी म्हटलं, आश्रमात का नाही घातली? तर म्हणाले, “एक आदमी आया था लेने. माँ ने लाठी उठाई.” आणि हसले.

जुना_भटक्या :
आजीला माझा नमस्कार सांगा.

पेठरोडवाला :
या पोरीसाठी माझे वर्षाचे दोन हजार धरा. पण वर्गणीचे ४१ हजार इथेच, त्यावर मी अडून आहे.

निवृत्त_मास्तरीण :
मग सीमेचं काय झालं, भाऊ?

पेठरोडवाला :
आजी ओळखीची निघाली ना.

गोदाकाठची :
रविवारी मीटिंग आहे. टूरवाला आश्रमाचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकतोय, ते आधी थांबवते. आणि त्या सुरतच्या दाखल्याचं पुढे काय झालं?

पेठरोडवाला :
सोमवारी तिसरी खेप.