[मंडळ-सहल] तातडीचं: तोरणमाळला गाड्या वर न्यायच्या कशा?

प्रेषक: बापू (सहल समिती, सध्या मुक्काम शहादे)

राम राम मंडळी,
पिकअपवाल्याला आज रात्रीपर्यंत कळवायचं आहे. तो आता म्हणतो, एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालवायच्या त्या चारचाकी गाड्या) तोरणमाळच्या घाटाच्या पायथ्याशी उतरवून देईन, वर तुमच्या तुम्ही न्या. लोड घेऊन घाट चढायला तो तयार नाही. म्हणजे एकतर डांबरी रस्त्याने चालवत जायचं, नाहीतर जंगलातल्या वाटेने. ज्याला नक्की ठाऊक असेल त्याने लिहा. जेवणाचं ताई बघतायत, त्यावर इथे मेल नको.

प्रेषक: दादा

जंगलातल्या वाटेनेच. नाहीतर एवढ्या लांब आलो कशाला? अमेरिकेत हॅटफिल्ड-मॅकॉयच्या एटीव्ही ट्रेलवर निळ्या, म्हणजे मध्यम अवघड वाटा सगळ्यांनी केल्यात, काहींनी काळ्या, सगळ्यात अवघडसुद्धा. चढाची भीती मला कुणी घालू नका. वर महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते, माणसं पिढ्यान्‌पिढ्या चढून जातात, तेव्हा वाटा असणारच. गावातल्या एखाद्याला सोबत घेऊ.

प्रेषक: नाना

दादा, वेस्ट व्हर्जिनियातली ट्रेल गाड्यांसाठीच आखलेली आहे. परमिट काढलं, हेल्मेट घातलं, हिरवी-निळी-काळी पाटी बघून निघालो. सातपुड्यातली वाट पावरा-भिल्लांच्या गावांची आहे. तिच्यावरून गुरं जातात, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया येतात. आणि राखीव वन म्हटलं की १९२७ च्या वन कायद्याचं २६ वं कलम आलंच, परवानगीशिवाय आत शिरणं हाच गुन्हा. गावातला माणूस सोबत असला म्हणून ती परवानगी होत नाही. उलट आपण विमानाने अमेरिकेला निघून जाऊ आणि वनखात्याची चौकशी त्याच्या दारात येईल. हे मला मुळीच चालणार नाही.

दुसरं, गवत आता वाळलंय. एटीव्हीच्या तापलेल्या सायलेन्सरपाशी वाळकं गवत किंवा सागाची पानं अडकली की पेट घेतात. सातपुड्यात वणवा लागला तर विझवायला कोण कुठून येणार?

तठे गयात म्हणजे तठला नियम पाळना पडतीन, भाऊ.

प्रेषक: वहिनी (एडिसन)

वाट कुठलीही घ्या, पण मुलांचं काय ठरलं? बापूंनी सगळ्या एकट्याच्या सीटच्या गाड्या घेतल्यात. सीट चांगली लांब आहे, फोटोत दिसते. धाकटा बाबांच्या मागे बसला तर काय हरकत? भारतात तर मोटरसायकलवर अख्खं कुटुंब बसतं.

प्रेषक: बंडूदादा

वहिनी, हरकत आहे. ती लांब सीट दुसऱ्या माणसासाठी नसते, चालवणाऱ्याला सरकता यावं म्हणून असते. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, वळणावर आतल्या बाजूला भार टाकायचा. मागे पोर चिकटून बसलं की यातलं काहीच जमत नाही. चढावर भार मागे जातो, पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर उलटते. मधेच थांबून चढावर गाडी वळवायला गेलात तर आडवी कलंडते. अमेरिकेतसुद्धा १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांची एटीव्ही देऊ नका असंच सांगतात. मुलं न्यायचीच असतील तर स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि वर लोखंडी पिंजरा असलेली साइड-बाय-साइड घ्या. बापू, त्या माणसाकडे एखादी आहे का विचारा.

प्रेषक: आबा (चाळीसगावकर)

दरवेळी शहाद्याकडचंच का ठरतं? पाटणादेवीला या. डोंगर आहे, झाडी आहे, पितळखोरा लेणी जवळ, भास्कराचार्यांचा वारसा मुलांना दाखवता येईल. घाटाची कटकटच नाही. नाहीतर रावेरकडचं पाल गाव करा. रावेरला माझे साडू आहेत, केळीच्या बागेत मुक्कामाची सोय होईल.

प्रेषक: नाना

आबा, पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते, ते १९८६ चं. पालच्या बाजूचं यावल अभयारण्य तर १९६९ पासूनचं. राखीव वनापेक्षा तिथे नियम जास्त कडक. पाटणादेवी जरूर करू, पायी.

प्रेषक: दादा

ठीक, जंगल सोडतो. मग डांबरी रस्त्याने हळूहळू जाऊ. पुढे जीप, मागे जीप, मध्ये आपण. पहाटे कोण असतं घाटात?

प्रेषक: बंडूदादा

एसटी असते. शिवाय या गाड्यांना आरटीओचा नंबर नाही. मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन आणताच येत नाही. अपघात झाला तर विम्याचा एक रुपया मिळणार नाही. कायदा बाजूला ठेवला तरी बऱ्याच एटीव्हींच्या मागच्या आसाला डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. मातीत चाक जरा घसरतं, म्हणून गाडी वळते. डांबरावर ते घसरत नाही, त्यामुळे वळणावर गाडी सरळच निघते. तोरणमाळच्या घाटात सरळ म्हणजे दरी.

प्रेषक: ताई

भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी ठरलेली आहे. वांगी जळगावकडची, काड्यांवर भाजलेली. कृपया कुणी परस्पर केटरर बघू नये, काल एकाचा मला फोन आला होता. तोरणमाळला मुक्काम की फक्त दिवस? त्यावर भाकरीचा हिशोब आहे.

प्रेषक: काकू (शहादे)

मी या यादीवरच्या मेल वाचते, लिहीत नाही, पण आता लिहिते. पपईच्या बागेपलीकडे आमचं माळरान आहे, सातपुड्याच्या पायथ्याला लागून. नाला, दगड, चढ-उतार सगळं आमच्याच सातबाऱ्यावर. वनखात्याची हद्द आमच्या बांधापासून सुरू होते, तिथे लाल फडकी बांधून देऊ. पिकअप थेट शेतात येतो, उसाच्या गाड्या येतातच. पोरांनी दिवसभर चालवा. दुसऱ्या दिवशी जीप करून तोरणमाळ बघा, यशवंत तलाव बघा, सीताखाईची दरी बघा. गाडीच्या आवाजात सीताखाईला गेलात तर काय दिसणार? फक्त नाल्याच्या वरच्या अंगाला हरभरा पेरलाय, तिकडे जायचं नाही.

प्रेषक: दादा

काकू, मला तोरणमाळच्या जंगलातच चालवायची होती आणि अजूनही वाटतं, वनखात्याने एखादी वाट रीतसर आखून दिली तर गावातल्या पोरांना गाइडचं काम मिळेल. पुढच्या वेळी वनखात्याकडे लेखी अर्ज करू, मी लिहितो. या वेळी तुमचं माळरान. चढ बऱ्यापैकी आहे ना?

प्रेषक: बापू (सहल समिती)

ठरलं. पिकअप काकूंच्या शेतात. जीप दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता, शहादे बसस्थानकासमोरून. ताई, तोरणमाळला मुक्काम नाही. साइड-बाय-साइड एक मिळतेय, भाडं वेगळं, मुलांच्या पालकांनी वाटून घ्यावं. हेल्मेट नसेल त्याला गाडी नाही, माझ्या भावालाही नाही. काकू, हरभऱ्याच्या बाजूने दोर मी स्वतः बांधतो, उद्या दुपारी येतो.