मदत हवी आहे: त्रिक-नियमात फायरिंग रेटची (न्यूरॉन सेकंदाला किती स्पाइक, म्हणजे विद्युत ठोके, देतो त्याची) सरासरी किती सेकंदांची घ्यावी?

मंडळी, ब्रायन २ (न्यूरॉनचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) वर ८०० एक्सायटेटरी (इतरांना चेतवणारे), २०० इन्हिबिटरी (इतरांना दाबणारे) न्यूरॉनचं जाळं चालवतेय. जोडणीची शक्यता ०.१, टाइमस्टेप ०.१ मिलिसेकंद (आणखी कमी करून फरक नाही).

आधी जोडीवर आधारित एसटीडीपी होता (दोन न्यूरॉनच्या स्पाइकचा क्रम बघून जोडणीचं वजन, म्हणजे ताकद, बदलणारा नियम), दोन्ही टाउ (परिणाम ओसरण्याचा वेळ) २० मिलिसेकंद. त्यात 'अ ते ब' वजन वाढलं की 'ब ते अ' मरतं. स्पाइकचा क्रम उलटला की बदलाचं चिन्हही उलटतं, त्यामुळे ते अपेक्षितच. म्हणून फिस्टर-गेर्स्टनरचा त्रिक-नियम (२००६; दोनऐवजी तीन स्पाइक बघणारा) लावला. दुहेरी जोडण्या टिकल्या, पण थोड्याच वेळात सगळं जाळं एकदम पेटतं आणि वजनं कमाल मर्यादेला चिकटतात. इन्हिबिशन वाढवलं तर चिडीचूप.

मर्यादा एकच: साधा लॅपटॉप, जीपीयू नाही. बडोद्यात कोणी यावर काम करत असेल तर कोड घेऊन येईन.

हे पेटणं रोखायला वजन घटवणारा गुणांक फायरिंग रेटच्या सरासरीच्या वर्गाप्रमाणे बदलायचा, तर ती सरासरी १ सेकंदाची घ्यावी की १० ची?