विनोद तक्त्यात नसून जोखमीत असावा

गमतीदार फँटसी मिनिएचर खेळ (काल्पनिक योद्ध्यांच्या छोट्या सोंगट्या टेबलावर लढवायचे खेळ) चार-पाच डावांत शिळे होतात आणि त्यावर उपाय म्हणून यादृच्छिक घटनांचे तक्ते, म्हणजे फासे टाकून अचानक घडणारी घटना ठरवणाऱ्या याद्या, मोठे करावेत, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. शिळेपणाची तक्रार खरी आहे. पण तक्त्यातला विनोद दुसऱ्यांदा वाचला की संपतो, आणि त्यात खेळाडूला काही ठरवायचेही नसते.

'साँग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज' (२००७) या छोटेखानी खेळात सोंगटी हलवण्यापूर्वी एक, दोन की तीन फासे टाकायचे हे खेळाडू स्वतः निवडतो. प्रत्येक यशस्वी फाशामागे एक कृती मिळते, मात्र दोन फासे फसले की पाळी प्रतिस्पर्ध्याकडे जाते. ज्या सोंगटीला यशासाठी सहा बाजूंच्या फाशावर ४ किंवा अधिक लागतात, तिच्यासाठी एका फाशाने पाळी जाण्याचा धोका शून्य, दोन फाशांनी २५ टक्के आणि तीन फाशांनी थेट ५० टक्के असतो. त्यामुळे फजिती झाली तरी ती आपल्याच हावरटपणाची असते, आणि (माझ्या बाबतीत तरी) तीच पुढे आठवणीत राहते. 'ब्लड बोल' या फँटसी फुटबॉलच्या सोंगट्यांच्या खेळातही आपल्याच संघाची सोंगटी आडवी झाली की पाळी तिथेच संपते, म्हणून सुरक्षित चाली आधी खेळायच्या की संधी साधायची, हा पेच दर डावात नव्याने उभा राहतो. तक्ते अवश्य ठेवावेत, पण असा एखादा नियम गाभ्यात बसवल्यानंतरच.